शब्दशंका : ‘हॅपिअर’ म्हणजे नेमकं काय अधिक?

गेल्या अंकात इंग्रजी विशेषणांविषयी लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच शब्दाभोवती फिरणारी होती : ‘हॅपिअर’. अर्थ, उगम, स्पेलिंग, मराठी अनुवाद असं सगळंच विचारलं आहे. म्हणून या वेळचं सदर या एका शब्दाला दिलं आहे.

प्रश्न : ‘हॅपिअर’ हा ‘हॅपी’पासून झाला हे कळतं. पण ‘हॅपी’ कुठून आला? ‘हॅपन’ म्हणजे घडणं, त्याच्याशी याचा काही संबंध आहे की नुसतं ध्वनिसाम्य?

संबंध आहे, आणि अगदी सख्खा आहे. दोन्ही शब्द ‘हॅप’ या एकाच लहानशा नामापासून निघाले. ‘हॅप’ म्हणजे नशीब, योगायोग, जे आपसूक वाट्याला येतं ते. हा शब्द मुळात इंग्रजीचा नव्हे. प्राचीन नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीत, ‘हप्प’ म्हणजे सुदैव. ९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसती करून राहिले. शेजारी राहिलं की भाषा मिसळतेच. ‘स्काय’, ‘एग’, ‘विंडो’, ‘लॉ’, ‘हजबंड’, ‘टेक’, इतकंच काय ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांचंच देणं आहे. ‘हॅप’ही त्यातलाच.

त्याला ‘वाय’ हा प्रत्यय लागला. ‘मड’वरून ‘मडी’, ‘सन’वरून ‘सनी’, तसा ‘हॅप’वरून ‘हॅपी’. मराठीत ‘नशीब’वरून ‘नशीबवान’ करतो, तीच ही घडण. १४व्या शतकात हा शब्द इंग्रजी लिखाणात रुळला तेव्हा त्याचा पहिला अर्थ नशीबवान, ज्याचं दैव अनुकूल आहे असा, हाच होता. मनाच्या अवस्थेशी त्याची गाठ नंतर पक्की झाली. ज्याचं नशीब चांगलं तो खूश असणारच, असा तो सरळ प्रवास.

म्हणजे ‘हॅपिअर’चा मूळ अर्थ ‘अधिक आनंदी’ नव्हता, ‘अधिक नशीबवान’ होता. हे एवढं ध्यानात राहिलं की पुढच्या बऱ्याच गाठी आपोआप सुटतात.

या ‘हॅप’चा परिवार मोठा आहे. ‘हॅपन’ म्हणजे योगाने घडणं. ‘परहॅप्स’ म्हणजे योगायोगानं, म्हणून कदाचित. ‘मिसहॅप’ म्हणजे वाईट योग, अपघात. ‘हॅपलेस’ म्हणजे कमनशिबी. याचा अर्थ पुष्कळजण ‘दुःखी’ असा करतात, तो चुकीचा आहे. ‘हॅझर्ड’ म्हणजे फाशांचा खेळ, त्याला ‘हॅप’ जोडून ‘हॅपहॅझर्ड’, म्हणजे कसंही, दान पडेल तसं. आइसलँडची भाषा प्राचीन नॉर्सची सगळ्यात जवळची वारस. तिच्यात आजही लॉटरीला ‘हप्पद्रेत्ती’ म्हणतात. त्यातला ‘हप्प’ आणि ‘हॅपिअर’मधला ‘हॅप’ एकच.

प्रश्न : सुखाचा संबंध नशिबाशी जोडणं ही फक्त इंग्रजीचीच खोड आहे का?

मुळीच नाही. जर्मनमध्ये ‘ग्ल्युक’ म्हणजे नशीब आणि ‘ग्ल्युक’ म्हणजेच सुख. कोणता अर्थ ते संदर्भावरून ओळखायचं. फ्रेंचमधला ‘बोनर’ हा ‘चांगला’ आणि ‘शकुन’ अशा दोन शब्दांचा जोड आहे. डॅनिश ‘लुके’ आणि स्वीडिश ‘लुका’ यांतही सुख आणि दैव एकत्र नांदतात. मराठीतला ‘सुदैवी’ आणि ‘सुखी’ यांच्यामधली भिंतसुद्धा तशी पातळच आहे. ‘भाग्याची गं बाई’ म्हणताना आपण नशिबाविषयी बोलतो की सुखाविषयी?

प्रश्न : मग हा शब्द येण्याआधी इंग्रज लोक सुखी माणसाला काय म्हणत?

त्यांच्याकडे बरेच शब्द होते, आणि प्रत्येकाचं पुढे वेगळंच काहीतरी झालं.

‘एआडिग’ हा एक. ‘एआड’ म्हणजे संपत्ती, भरभराट. त्यावरून ‘एआडिग’ म्हणजे आधी संपन्न आणि मग सुखी, धन्य. आपल्या ‘धन्य’ शब्दाची घडण हुबेहूब अशीच आहे : ‘धन’वरून ‘धन्य’. हा इंग्रजी शब्द पुढे मेला, पण नावांच्या पोटात जिवंत राहिला. एडवर्ड, एडमंड, एडगर, एडिथ या सगळ्यांतला ‘एड’ म्हणजे तो ‘एआड’. एडवर्ड म्हणजे संपत्तीचा राखणदार.

‘ग्लॅड’ टिकला, पण त्याचा मूळ अर्थ होता चकाकणारा, तेजस्वी. चेहरा उजळला म्हणजे माणूस खूश. मराठीत ‘प्रसन्न’ हा शब्द पाहा : मुळात गाळ खाली बसून निवळलेलं पाणी, मग निवळलेलं मन. उपमा वेगळ्या, वाट सारखी.

आणि तिसरा शब्द चटका लावणारा आहे. ‘गेसॅलिग’ म्हणजे सुखी, ईश्वराची कृपा असलेला. मधल्या काळात तो झिजून ‘सीली’ झाला आणि अर्थ घसरत गेला : पुण्यवान, मग निष्पाप, मग बापडा, मग दुबळा, आणि १६व्या शतकाच्या उत्तरार्धात मूर्ख. आजचा ‘सिली’ तो हाच. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘झेलिग’ अजून ‘धन्य, कृपाप्राप्त’ याच अर्थानं मानानं राहतो. आपल्याकडे ‘भोळा’, ‘बापडा’ हे शब्द याच उतारावर उभे आहेत.

प्रश्न : ‘हॅपिअर’मधला ‘अर’ आणि संस्कृतमधला ‘तर’ (उच्चतर, श्रेष्ठतर) एकच ना? ‘बेटर’ आणि ‘बेहतर’ तर अगदी जुळे वाटतात.

एकच नाहीत. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून जरा नीट उलगडून पाहू.

‘बेटर’ आणि ‘बेहतर’ यांचे तुकडे पाडा. फारसीतला ‘बेहतर’ असा फुटतो : ‘बेह’ म्हणजे चांगला, ‘तर’ हा प्रत्यय. इथे ‘त’ प्रत्ययाचा आहे. इंग्रजीतला ‘बेटर’ मात्र ‘बेट’ अधिक ‘अर’ असा फुटतो. इथे ‘ट’ मूळ शब्दाचा आहे, प्रत्ययाचा नव्हे. गॉथिक ही इंग्रजीची जुनी चुलत भाषा; तिच्यातल्या ४थ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरात हाच शब्द ‘बतिझा’ असा दिसतो. तिथे ‘र’चा पत्ताच नाही, ‘झ’ आहे. म्हणजे ‘बेटर’–‘बेहतर’ ही जोडी निव्वळ योगायोगाची आहे. इंग्रजी ‘बॅड’ आणि ‘बदतर’मधला फारसी ‘बद’ यांचंही तेच.

‘अर’चा खरा नातेवाईक त्या ‘झ’मुळे सापडतो. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या कुळात, हा प्रत्यय आधी ‘इझ’ किंवा ‘ओझ’ असा होता. पुढे इंग्रजीच्या शाखेत त्या ‘झ’चा ‘र’ झाला. (‘वर्स’ आणि ‘लेस’ यांना ‘अर’ लागलेला दिसत नाही, कारण त्यांत तो जुना ध्वनी मुळातल्या ‘स’मध्येच विरघळून गेला.) आणखी मागे गेलं की हा प्रत्यय संस्कृतच्या ‘ईयस्’ला जाऊन भिडतो. ‘जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी’ यातलं ‘गरीयसी’ आठवा : स्वर्गाहूनही थोर. ‘हॅपिअर’मधला ‘अर’ आणि ‘गरीयसी’मधला ‘ईयस्’ ही एका आजीची नातवंडं आहेत.

मराठीत हा ‘ईयस्’ आपण रोज वापरतो, फक्त ओळखत नाही. ‘श्रेय’ म्हणजे मुळात ‘अधिक चांगलं’. भूयसी दक्षिणेतली ‘भूयसी’ म्हणजे ‘आणखी जास्त’. आणि ‘प्रेयसी’ हा शब्द मुळात तुलनेचा आहे : ‘अधिक प्रिय अशी ती’.

लॅटिनमध्ये हाच प्रत्यय ‘इओर’ झाला. म्हणून ‘सीनिअर’ म्हणजे ‘अधिक वयाचा’ आणि ‘ज्युनिअर’ म्हणजे ‘अधिक तरुण’. कानाला ‘हॅपिअर’ आणि ‘सीनिअर’ सारखे वाटतात ते वावगं नाही, प्रत्यय खरंच भाऊ आहेत. एवढंच की ‘हॅपिअर’मधली ‘इ’ मूळ ‘हॅपी’ची आहे आणि ‘सीनिअर’मधली ‘इ’ प्रत्ययाची.

तमभावाचं, म्हणजे ‘सगळ्यात जास्त’ सांगणाऱ्या रूपाचं, नातं तर कानालाच कळतं. ‘हॅपिएस्ट’मधला ‘एस्ट’ आणि आपला ‘इष्ठ’ : श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ. इथे शंकेला जागाच नाही.

मग ‘तर’चे नातलग इंग्रजीत कुठे गेले? ते ‘अदर’मध्ये आहेत. ‘देशांतर’, ‘भाषांतर’ यांतला ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’. तो आणि ‘अदर’ मुळात एकच शब्द.

प्रश्न : स्पेलिंगमध्ये ‘वाय’ जाऊन ‘आय’ का येतो? आणि ‘पी’ दोनदा का?

आधी ‘पी’चं. इंग्रजीत ऱ्हस्व स्वरानंतर एकच व्यंजन आणि मग पुन्हा स्वर आला, तर वाचणारा पहिला स्वर लांबवतो. ‘होपिंग’मध्ये एक ‘पी’, ‘हॉपिंग’मध्ये दोन. ‘हॅप’ला ‘वाय’ लावताना ‘पी’ दुप्पट केला नसता तर तो शब्द ‘हेपी’ असा वाचला गेला असता. दुसरा ‘पी’ उच्चारायचा नसतो, तो पहिल्या स्वराची राखण करतो. म्हणून मराठी माणसानं ‘हॅप्पी’ असं जोर देऊन म्हणू नये. ‘हॅपी’ पुरे.

आता ‘वाय’. शेवटी व्यंजन आणि त्यानंतर ‘वाय’ असेल, तर ‘अर’, ‘एस्ट’, ‘ली’, ‘नेस’ लागताना ‘वाय’चा ‘आय’ होतो : हॅपिअर, हॅपिएस्ट, हॅपिली, हॅपिनेस. ‘वाय’आधी स्वर असेल तर तो जागचा हलत नाही, जसं ‘ग्रे’चं ‘ग्रेअर’. एकाच अवयवाच्या (अवयव म्हणजे ‘सिलॅबल’, एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) शब्दांत मात्र ढिलाई आहे. ‘शाय’, ‘स्लाय’ यांची दोन्ही रूपं छापलेली सापडतात. ‘हॅपिअर’ला ती सवलत नाही. ‘वाय’ तसाच ठेवून पुढे ‘ई-आर’ जोडणं ही विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेहमी दिसणारी चूक. एका ‘पी’ची चूक तिच्या खालोखाल.

प्रश्न : ‘मोअर हॅपी’ म्हटलं तर चूक का? आणि ‘मोअर हॅपिअर’?

‘हॅपी’सारख्या दोन अवयवांच्या, शेवटी ‘वाय’ असलेल्या विशेषणांना ‘अर’च लावायचा. त्यामुळे ‘ती माझ्याहून सुखी आहे’ याला ‘हॅपिअर दॅन’ हेच रूप. पण एका ठिकाणी ‘मोअर’च लागतो : एकाच माणसाच्या दोन भावनांची तुलना असेल तेव्हा. ‘तो दुःखी कमी आणि खूश जास्त होता’ हे सांगताना ‘मोअर हॅपी दॅन सॅड’ असंच म्हणावं लागतं. तिथे ‘हॅपिअर’ बसत नाही, कारण तुलना त्याच्या आनंदाची दुसऱ्या कोणाच्या आनंदाशी नसते. कोणता शब्द त्याला जास्त लागू पडतो एवढाच मुद्दा असतो.

‘मोअर दॅन हॅपी टू हेल्प’ हे तिसरंच प्रकरण. त्यात तुलना नाही. ‘अगदी आनंदानं मदत करीन’ एवढाच अर्थ.

‘मोअर हॅपिअर’ आजच्या प्रमाण इंग्रजीत चूक धरतात, लिहू नये. पण असं दुहेरी रूप करणारा अडाणीच असतो असं मात्र मानू नका. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ असा दुहेरी तमभाव आहे. आपल्याकडे शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ असं आहे. ‘श्रेष्ठ’मध्ये ‘इष्ठ’ आधीच बसलेला, त्यावर पुन्हा ‘तम’. प्रत्यय जुना झाला की त्याची धार जाते, बोलणाऱ्याला तो ऐकूच येत नाही, मग तो आणखी एक लावतो.

जोर द्यायचा असेल तर ‘व्हेरी’ लावू नका. ‘मच हॅपिअर’, ‘फार हॅपिअर’, बोलण्यात ‘अ लॉट हॅपिअर’. ‘व्हेरी’ फक्त साध्या ‘हॅपी’ला चालतो. आणि ‘दॅन’च्या पुढे ‘आय’ की इंग्रजी ‘मी’ (‘एम-ई’)? बोलताना ‘मी’ सर्रास चालतं. औपचारिक लिखाणात ‘दॅन आय अॅम’ असं क्रियापदासह लिहिलं की कोणी बोट ठेवत नाही. नुसता ‘दॅन आय’ बरोबर असला तरी ताठर वाटतो.

प्रश्न : ‘अनहॅपिअर’ म्हणजे ‘जास्त सुखी नसलेला’ की ‘जास्त दुःखी’?

जास्त दुःखी. हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. ‘अर’ हा प्रत्यय लहान शब्दांनाच लागतो. तीन अवयवांच्या ‘अनहॅपी’ला तो लागायला नको. ध्वनीच्या नियमाप्रमाणे आधी ‘हॅपिअर’ तयार व्हावा आणि मग त्याला ‘अन’ लागावा. तसं झालं तर अर्थ ‘अधिक सुखी नाही’ असा निघेल, पण तसा अर्थ कोणीही घेत नाही. अर्थाच्या दृष्टीनं आधी ‘अनहॅपी’ आणि मग ‘अर’. रचना एक सांगते आणि अर्थ दुसरं. भाषाशास्त्रात या पेचावर बरंच लिहिलं गेलं आहे. तुम्ही बिनधास्त ‘जास्त दुःखी’ असा अर्थ घ्या.

प्रश्न : मी अनुवादाचं काम करते. दर वेळी ‘अधिक आनंदी’ लिहिते आणि वाक्य कृत्रिम वाटतं. काय करावं?

तुमचा कान बरोबर सांगतो आहे. ‘अधिक आनंदी’ हे शब्दाचं भाषांतर झालं, वाक्याचं नव्हे.

पहिली गोष्ट : मराठीत तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलत नाही. तुलनेचा भार ‘पेक्षा’ आणि ‘हून’ उचलतात. (‘पेक्षा’ हा ‘अपेक्षा’चाच झिजलेला तुकडा, संस्कृतात ‘अपेक्षा’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहून, तिच्या तुलनेत.) म्हणून ‘ती माझ्यापेक्षा सुखी आहे’ एवढ्यात तुलना पूर्ण होते. त्यात पुन्हा ‘अधिक’ घातला तर तो जोरासाठी आला पाहिजे, सवयीनं नव्हे.

दुसरी गोष्ट : इंग्रजीत ‘दॅन’ पुष्कळदा गाळलेला असतो. ‘आय अॅम हॅपिअर नाऊ’ याला ‘मी आता अधिक आनंदी आहे’ असं लिहिलं की वाचणारा विचारतो, कशापेक्षा? मराठीत ते सांगून टाकावं : ‘आता मी पहिल्यापेक्षा सुखात आहे’. किंवा तुलना सोडून द्यावी : ‘आता माझं बरं चाललं आहे’.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : ‘हॅपी’ला मराठीत एक शब्द नाही. आयुष्यभराच्या स्थितीला ‘सुखी’, त्या क्षणाच्या उमाळ्याला ‘आनंदी’, काही मिळाल्यावर ‘खूश’, कामाच्या दर्जाविषयी बोलताना ‘समाधानी’. ‘आय अॅम हॅपिअर विथ द सेकंड ड्राफ्ट’ याचं मराठी ‘दुसरा मसुदा मला जास्त पसंत पडला’. इथे आनंदाचं नावही नको.

आणि जिथे जुना ‘नशीब’ हा अर्थ अजून टिकून आहे, तिथे सगळ्यात जास्त चुका होतात. ‘हॅपिली, नोबडी वॉज हर्ट’ याचं ‘आनंदाने कोणालाही इजा झाली नाही’ असं भाषांतर म्हणजे अनर्थ. ते ‘सुदैवाने’ आहे. ‘अ हॅपी अॅक्सिडेंट’ म्हणजे भाग्याचा योग. ‘अ हॅपिअर चॉइस ऑफ वर्ड्स’ म्हणजे अधिक चपखल शब्द. शब्द कसा आनंदी असेल? ‘हॅपी मीडिअम’ म्हणजे सुवर्णमध्य. ‘हॅपी इव्हेंट’ म्हणजे बाळाचा जन्म, त्याला आपली ‘गोड बातमी’ तयारच आहे. सांत्वनाला गेलेला माणूस ‘आय विश वुई हॅड मेट इन हॅपिअर सर्कमस्टन्सेस’ असं म्हणतो, तेव्हा ‘अधिक आनंदी परिस्थितीत’ लिहू नका. मराठी माणूस म्हणेल, ‘भेट झाली, पण अशा प्रसंगी व्हायला नको होती.’

एक वाक्य जवळून बघू. ‘ही वॉज नेव्हर हॅपिअर दॅन व्हेन ही वॉज मेंडिंग क्लॉक्स.’ शब्दशः गेलात तर ‘तो घड्याळं दुरुस्त करत असताना होता त्यापेक्षा कधीही अधिक आनंदी नव्हता’ असा गुंता होतो. इंग्रजी वाक्य नकार आणि तुलना एकत्र करून सर्वोच्च बिंदू दाखवतं. मराठीत तो थेट दाखवायचा : ‘घड्याळ उघडून बसला की त्याच्याइतका सुखी माणूस शोधून सापडला नसता.’ नकार राहिला, जोर राहिला, ‘अधिक’ गेला.

प्रश्न : ‘सुख’ शब्दाच्या मुळाशीही नशीब आहे का?

नाही, तिथे चाक आहे. परंपरेनं सांगितलेली व्युत्पत्ती अशी : ‘ख’ म्हणजे भोक, इथे चाकाच्या तुंब्यातलं, ज्यात आस बसतो ते, ‘सु’ म्हणजे चांगलं. आसाचं भोक नीट असेल तर रथ अडखळत नाही. ऋग्वेदात ‘सुख’ हे विशेषण रथाला लावलेलं आहे, सहज धावणारा या अर्थानं. ‘दुःख’ त्याच्या धर्तीवर पुढे घडला. दुसरं मत असं की ‘सुस्थ’, म्हणजे नीट स्थिरावलेला, याचं ते प्राकृत वळण असावं. ‘हॅपी’ला नशीब लागतं, ‘सुख’ला नीट बसलेला आस.

प्रश्न : ‘आय कुडन्ट बी हॅपिअर’ म्हणजे माणूस नाराज आहे का?

उलट. याहून सुखी होणं शक्य नाही, म्हणजे कमालीचा खूश. ‘कुडन्ट’मधल्या नकारानं फसू नका. खरी नाराजी ‘आय हॅव बीन हॅपिअर’मध्ये असते. त्याचा शब्दशः अर्थ ‘मी याहून सुखी होतो कधीकाळी’, पण तो सांगायचा असतो ‘सध्या काही ठीक नाही’. आणि नोकरीच्या पत्रात ‘वुई वुड बी हॅपिअर इफ...’ असं वाक्य दिसलं, तर ती सूचना आहे, बऱ्यापैकी ठाम. ‘अमुक केलंत तर बरं होईल’ असं आपल्याकडे वरिष्ठ म्हणतात, तेव्हा आपण तिला इच्छा समजत नाही. इथेही समजू नये.